शेजारची दोन पुस्तकं

भन्तेजींचं भोजनदान बाराच्या आत उरकलं. मग विहारातली मंडळी जेवली, मग घरचे जेवले, आणि अण्णांच्या फोटोसमोरची मेणबत्ती अर्ध्यावर आली तेव्हा बुद्धरत्नने कपाटावरून आपली निळी फाईल काढली. रश्मीने हातातली खिरीची वाटी खाली ठेवली. दादाची निळी फाईल म्हणजे कंपनीची. चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला एकतीस वर्षं काढलेला माणूस रविवारी, त्यातून वडिलांच्या स्मृतिदिनाला ती फाईल उघडतो, म्हणजे कुणाचा तरी माल नापास होणार.

आणि घरात तपासण्याजोगा माल आज एकच होता. तिची कादंबरी.

'बाराशे चपात्या' तिने सहा वर्षांत लिहिली, तीही बहुतेक आकुर्डी ते चाकण कंपनीच्या बसमध्ये, खिडकीकडच्या सीटवर, गुडघ्यावर वही ठेवून. ती टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं याची नोंद ठेवणं हे तिचं काम. त्यामुळे माणसं येताजाता न्याहाळण्याची सवय तिला पगारासकट लागली होती. कादंबरीचं इंग्रजी दादाच्या लेकीने, वर्षालीने केलं. वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून दिवसा दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर आणि सुट्टीला आत्याच्या चपात्या. मग दिल्लीच्या एका लिटररी एजंट बाईंना पहिली तीन प्रकरणं गेली. एजंट म्हणजे विम्याचा नव्हे, लेखकाचं पुस्तक प्रकाशकाच्या गळी उतरवणारा, हे आईला तीनदा सांगावं लागलं. बाईंना प्रकरणं आवडली. त्यांनी एक फॉर्म पाठवला. तो आज संध्याकाळी पाचच्या आत भरून द्यायचा होता, कारण उद्या त्या पुस्तकांच्या जत्रेला परदेशी निघणार होत्या आणि जाताना बॅगेत कुणाकुणाचं न्यायचं ते आज ठरणार होतं.

फॉर्म सगळा भरून झाला होता. शेवटच्या चौकोनात घोडं अडलं होतं.

"पाच वर्षांच्या आत आलेली, आपल्या पुस्तकासारखी दोन पुस्तकं," लॅपटॉप मांडीवर सरकवत वर्षालीने पुन्हा वाचून दाखवलं. "फार गाजलेली नकोत, नाहीतर फुशारकी वाटते. अगदीच कुणाला ठाऊक नसलेली पण नकोत. आणि कशी सारखी आहेत ते थोडक्यात."

"सारखं कशाला पायजे?" शालनमावशीने तोंडातली सुपारी गालाला लावली. चिखलीच्या जुन्या गावठाणातली ही बाई आईबरोबर सतरा वर्षं कारखान्याच्या कँटीनला होती. अण्णांच्या स्मृतिदिनाला ती न चुकता येई आणि जाताना खिरीचा डबा नेई. "सारखंच आसंल तर लोकांनी तेच वाचावं की. आपलं कशाला इकत घ्यायचं?"

"दुकानात कुठल्या पुस्तकाच्या शेजारी ठेवायचं, ते कळायला हवं ना मावशी त्यांना."

"म्हंजी यष्टीत रुमाल टाकून जागा धरत्यात, तसं."

"अगदी तसंच."

"मग खिडकीची धरा," शालनमावशी म्हणाली आणि आपल्यापुरता विषय संपवून भिंतीला टेकली.

बुद्धरत्नने फाईलमधून कागद काढला. छापील, रकाने पाडलेला. "मी तुलना केली आहे," तो म्हणाला. "भावनेच्या भरात काही नको. नमुना म्हणून घेतलं 'धगीतली पावलं'. आपल्याच माणसाचं आत्मकथन, दोन वर्षांपूर्वी इंग्रजीत आलं, बक्षीस मिळालं. आता बघा. समाज, आपला. ओके. काळ, ऐंशीचं दशक. ओके. ठिकाण, कारखान्याची वसाहत. ओके. अन्याय, आहे. ओके. पानं त्यांची दोनशे चाळीस, आपली दोनशे साठ. एवढं प्लस-मायनस चालतं. नऊ निकष, आठ ओके."

"नववा कुठला?" रश्मीने विचारलं.

"लेखक पुरुष आहे. तो किरकोळ."

वर्षाली फसकन हसली आणि लगेच गंभीर झाली. "आत्तू, पप्पांचं म्हणणं तसं बरोबर आहे गं. बाईंनी फोनवर स्वतःहून विचारलं होतं, त्या धर्तीचं आहे का म्हणून. आपल्याकडून त्यांना तेच हवं असतं. एकदा आत तर शिरू."

म्हणजे वर्षालीही तिकडे. कालपर्यंत फोनवर 'आत्तू, तू म्हणशील ते' म्हणणारी पोर आज बापाच्या सोफ्यावर बसली होती. रश्मीला राग आला नाही; पोरीने आठ महिन्यांचे शनिवार-रविवार या कादंबरीत घातले होते, तिला दार उघडलेलं हवं होतं, कुठलं का असेना.

"आत शिरू," रश्मी म्हणाली, "पण एकदा त्या फळीवर बसवलं की तिथून मला कोण उठवणार? लोक रडायला म्हणून घेतील माझं पुस्तक. पन्नास पानं झाली तरी रडू येईना, की परत ठेवतील."

"मग तुझं काय? ते बटणांचं?" दादाने चष्म्यावरून पाहिलं.

"ते बटणांचंच."

'अ बटन फॅक्टरी हॉलिडे' तिने गेल्या वर्षी चार महिने लावून वाचलं होतं, मोबाइलवर शब्द शोधत शोधत. बसमधल्या बायकांना वाटायचं, ही प्रमोशनच्या परीक्षेला बसली आहे. कुठल्याशा थंड गावातल्या बटणांच्या कारखान्यातल्या बायका साहेबाचा डोळा चुकवून एक दिवस समुद्रावर जातात, एवढीच गोष्ट. मोशीच्या सिग्नलला ती एकदा इतक्या मोठ्याने हसली की ड्रायव्हरने आरसा वाकडा करून पाहिलं. हसता हसता तिच्या लक्षात आलं होतं, ह्या बायका तर आपल्याच. नावं तेवढी उच्चारता येत नाहीत.

"त्यात आपलं काय आहे?" दादा म्हणाला. "गोऱ्या बायका. सहल. बस चुकते आणि हसतात. मी तेही तपासलं. नऊपैकी नऊ नापास." त्याने कागद गुडघ्यावर आपटला नाही; दादा कधी आपटत नसे. नीट ठेवला. "रश्मे, आपल्या माणसांनी रक्त ओकून लिहिलंय गं. त्या रांगेत तुझं नाव लागतंय. आणि तुला समुद्रावर जायचंय?"

हे लागलं. कारण 'धगीतली पावलं' तिनेही दोनदा वाचलं होतं आणि दुसऱ्या वेळी तिला दिवसभर घास उतरला नव्हता. आणि कारण बोलणारा दादा होता. संसार मोडून ती माघारी आली तेव्हा याच माणसाने मागची खोली रिकामी करून दिली होती आणि वस्तीत कुणाला एक अक्षर बोलू दिलं नव्हतं. अशा भावापुढे तोंड उघडायचं तर जिभेला आधी चपला बाहेर काढाव्या लागतात.

"दादा," तिने विचारलं, "तू वाचलीस का माझी कादंबरी?"

"वाचली की."

"कुठपर्यंत?"

दादाने फाईलची क्लिप उघडली आणि लावली.

"चाळीस पानं," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कस्तुराबाई खिरीच्या पातेल्याशी, चमच्याने बुडाची खरवड सोडवत बसली होती. वय शहात्तर, पण हात अजून लाटणं धरल्यासारखे. "उशीखाली असते त्याच्या. मी रोज चादर झटकते. खूण चाळिसावरून हलत नाही. वर्ष होत आलं."

"आई, तू..."

"मी काय? मला वाचता येतं."

बुद्धरत्नने फाईल बाजूला ठेवली. मग म्हणाला, "एक्केचाळिसाव्या पानावर अण्णा येतात. ठरावाचा कागद घेऊन कँटीनच्या दारात उभे राहतात आणि..." त्याने फोटोकडे पाहायचं टाळलं. "आणि सगळे हसतात. मी तिथं मिटलं. आज सकाळी विहारात मी काय बोललो ते ऐकलंस ना? दरवर्षी बोलतो. कस्तुराबाईंच्या हातची चपाती काही लोक खात नव्हते. टोपली भरलेली परत जायची. अण्णासाहेबांनी युनियनमध्ये ठराव मांडला, मंजूर करून घेतला आणि तो भेद मोडला. पोरंबाळं ऐकतात ते. आणि तुझ्या पुस्तकात माझा बाप विनोदाला उभा."

आता रश्मीला कळलं, निळ्या फाईलमधला खरा दहावा निकष कुठला होता. दादाला पुस्तकाच्या शेजारी एक भारदस्त पुस्तक हवं होतं, कारण त्याच्या सावलीत अण्णा ताठ उभे राहिले असते.

"त्याला सांग गं कस्तुरा," शालनमावशी अचानक म्हणाली. "का मी सांगू?"

"शालन, राहू दे."

"आता का राहू दे? पुस्तकात आलंय, दिल्लीला चाललंय, आन् घरच्या मालकालाच ठावं न्हाई व्हय?"

आईने चमचा पातेल्याच्या काठावर ठेवला. "रतन, इकडे बघ. आम्ही बारा जणी होतो. एकीच्या शंभर, अशा एका पाळीच्या बाराशे चपात्या. प्रत्येकीची टोपली वेगळी, टोपलीवर नाव. माझी टोपली दोन दिवस तशीच्या तशी परत आली. बाकीच्या रिकाम्या."

"ते मला माहीत आहे."

"तिसरा दिवस माहीत नाही तुला."

"तिसऱ्या दिशी," शालनमावशी मांडी बदलून पुढे सरकली, "जेवनाच्या भोंग्याला धा मिंटं ऱ्हायली, आन् मी बाराच्या बारा टोपल्या पांढऱ्या कापडावर पालथ्या घातल्या. आन् ह्ये आसं," तिने दोन्ही हातांनी हवेत पीठ मळल्यासारखं केलं, "समदं कालवलं. तुझी आई म्हनं, शालन, नोकरी जाईल. म्हनलं, जाऊ दे, जाताना मज्जा तरी बघू. भोंगा झाला. आले गडी ताटं घिऊन. म्हनलं, घ्या, वळखा कुनाची कुठली ती. अर्ध्या तासाची सुट्टी, पोटात आग पडल्याली. बघत्यात एकामेकाकडं! एकानं तर चपाती नाकाला लावली, वास घ्यायला. मग मी त्याला जे म्हनले ते आज आसल्या दिवशी, अण्णासायबांच्या फोटोपुढं बोलत न्हाई. पुस्तकात हाय, अण्णासायबांच्या मागनं येतं. पान पंचेचाळीस."

"आणि अण्णा?" दादाचा आवाज बारीक झाला होता.

"तुझे अण्णा आदल्या रात्री जागून ठराव लिहून घेऊन आले होते," आई म्हणाली. "दारात उभे राहिले. बघतात तर सगळे मुकाट्याने जेवतायत. कागदाकडे बघितलं, ताटांकडे बघितलं. घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ठराव सोमवारी मांडू, आज आधी मला दोन वाढा. सगळे हसले ते तेव्हा."

वर्षालीने ओठ दाबून धरले होते. या जागेचं इंग्रजी करताना ती तीन दिवस अडली होती, हे रश्मीला ठाऊक होतं.

"म्हणजे तीस वर्षं मी विहारात खोटं बोललो," बुद्धरत्न म्हणाला.

"खोटं कसं? ठराव झालाच की. टोपल्यांवरची नावं त्या ठरावाने गेली, कायमची. ते झालं नसतं तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शालन रोज थोडीच टोपल्या पालथ्या घालणार होती? ते काम त्यांचंच होतं. फक्त चपाती आधी खाल्ली गेली, ठराव मागून आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भाषण इतकं छान करायचास रे." आईने पदराने कपाळ टिपलं. मग रश्मीकडे न बघता, पातेल्याकडे बघत म्हणाली, "आणि दुसरं असं. मी रडले नाही असं नाही. भरली टोपली दोनदा उचलून आत नेली, तेव्हा भट्टीच्या मागे बसून रडले. पण ते मी माझ्यापाशी ठेवलं. लेकीला हसलेलं दिलं. ते पण माझंच होतं. तिने मी दिलं तेवढंच लिहिलं. आता ते नापास करायचं असेल तर मला नापास कर."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करण्यासाठी किक मारत होतं, सात-आठदा.

"पण हसायचं पुस्तक म्हणून गेलं तर," दादा शेवटी म्हणाला, आणि आता तो भांडत नव्हता, खरोखर विचारत होता, "तर ज्यांनी सोसून लिहिलं त्यांचा हात सोडल्यासारखं नाही का होणार?"

रश्मीने त्याचा कागद उचलला. आठ ओके, हिरव्या पेनने.

"दादा, गेल्या दिवाळीआधी तुमच्याकडे त्या दाराच्या काचेचे ब्रॅकेट आले होते. आठशे. आठवतात?"

"ते इथं कशाला?"

"सांग ना. वर्षालीला माहीत नाही."

बुद्धरत्नने सुस्कारा टाकला. ही गोष्ट त्याने घरी एकदाच सांगितली होती आणि त्यानंतर दोन दिवस जेवला नव्हता. "सगळी मापं घेतली. लांबी, जाडी, भोकं, वाक. शंभर टक्के ओके. मी सही केली. गाडी बनते तिथं नेऊन लावायला गेले तर एकही बसेना. पूर्ण लाइन थांबली."

"का पप्पा?"

"डाव्या दाराचे होते. खोक्यावर उजव्याचं लेबल." त्याने दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "आरशात धरल्यासारखे असतात गं दोन्ही. मापं तीच. मापाने कळत नाही. दारात लावून बघावं लागतं."

"मग डावे ब्रॅकेट खोटे होते का?" रश्मीने विचारलं.

"खोटे कशाने? उत्तम होते."

"आणि गाडी?"

"गाडी एकच."

"मग तेच सांगतेय मी," रश्मी म्हणाली. "त्यांची आणि माझी मापं जुळतात, कारण गाडी एकच आहे. पण ते उजव्या दाराचं पुस्तक आहे आणि माझं डाव्या. मला त्यांचा हात सोडायचा नाही दादा. त्यांच्या खोक्यात जायचं नाही एवढंच. ज्या वाचकाला शालनमावशी बघून हसू येणार आहे, तो मला बटणांच्या शेजारी सापडेल. आल्यावर मी त्याला दुसरं दारही दाखवीन."

बोलून झाल्यावर तिने कागद चटईवर ठेवला. आयुष्यात दादाच्या खात्यातलं उदाहरण दादालाच देण्याचं धाडस तिने पहिल्यांदा केलं होतं.

वर्षालीची बोटं लॅपटॉपवर केव्हाच चालू झाली होती. सोफ्याच्या ज्या टोकाला ती बापाशेजारी बसली होती तिथून ती कधी उठली आणि आत्याच्या चटईवर कधी आली, ते तिचं तिलाही कळलं नसावं. "ऐका. 'बटन फॅक्टरी'तल्या बायकांसारखं खट्याळ, हसत हसत साहेबाला जेरीला आणणारं. आणि 'धगीतली पावलं' ज्या वस्त्यांतून चालली, त्याच वस्तीतल्या बायकांचं. दोन्ही राहिली. आधी बटणं, मग पावलं. चालेल? वीस मिनिटं आहेत पाचला."

"चालेल," रश्मी म्हणाली.

"थांबा," बुद्धरत्न म्हणाला.

तो उठला. आतल्या खोलीत गेला. उशी उचलल्याचा, कागद चाळल्याचा आवाज आला. मग दारात येऊन उभा राहिला, हातात स्पायरल बांधणीची प्रत. "नमुना न बघता मी सही करत नाही. एकदा केली, ती पुरे." आणि पुन्हा आत गेला.

"पप्पा, वीस मिनिटं!"

"क्वालिटीला घाई करायची नसते," आतून आवाज आला.

चौघी बसून राहिल्या. आईने खिरीच्या वाट्या भरल्या. कुणी हात लावला नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार सेहेचाळीस झाले. चार एकोणपन्नास. रश्मीला वाटलं, आपणच जाऊन कळ दाबावी. पुस्तक आपलं आहे. पण बोट उचलेना. दिल्लीच्या बाईंचं काय व्हायचं ते होवो, हा एक वाचक तिला आणखी वर्षभर चाळिसाव्या पानावर अडकून हवा नव्हता.

"आता दारात आलं आसतील अण्णासायब," शालनमावशी कुजबुजली. "कागद खिशात घालत आसतील."

चार बावन्नला आतून आवाज आला. नाकातून सुटलेली हवा, कुकरची शिट्टी होण्याआधी होते तशी. मग पुन्हा. मग खोकल्यासारखं काहीतरी, जे खोकला नव्हतं. आईने एकदम फोटोकडे पाहिलं. अण्णा असेच हसायचे, आधी नाकाने परवानगी काढून.

बुद्धरत्न बाहेर आला तेव्हा त्याचा चष्मा कपाळावर होता आणि डोळे पुसायचं त्याला सुचलेलं नव्हतं. त्याने चटईवरचा आपला तक्ता उचलला, बटणांच्या रकान्यातल्या नऊ लाल फुल्यांवरून एक आडवी रेघ ओढली, खाली 'दारात लावून पाहिलं, बसतं' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.

"पाठव," तो वर्षालीला म्हणाला.

तिने पाठवलं. चार पंचावन्न. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लॅपटॉपमधून बारीक हवा गेल्यासारखा आवाज आला आणि सहा वर्षं दिल्लीला निघून गेली. रश्मीने वाटी ओढली आणि पहिल्यांदा खिरीची चव लागली.

दादा अजून उभाच होता, एक बोट पानांत घालून. त्याने चष्मा खाली ओढला, पंचेचाळिसावं पान उघडलं आणि विहारात वाचतो तशा खणखणीत आवाजात वाचलं, "'वास घेऊन कळतंय व्हय रं तुला? मग कंपनीनं मशीनवर कशाला ठिवलाय? गेटवर बांधावा की साखळीनं!'" त्याला पुढे वाचवेना. "मावशी, भर कँटीनमध्ये, चारशे माणसांसमोर... तुम्ही खरंच असं बोललात?"

"छ्या," शालनमावशी लाजून पदर सारखा करत म्हणाली, "म्या इतकं सभ्य न्हवते बोलले."